सीलचं प्रकरण

लिटल फोर्क, इलिनॉय
१२ ऑक्टोबर २०२४

प्रिय शरयूमावशी,

नमस्कार, आणि तो वाकून केलाय असं समज.

फोन नको, पत्र लिही, असं तूच म्हणालीस. फोनवर बोलताना कुमारदादाचं सगळं घर ऐकत असतं आणि मग तू नुसतं 'बरं, बरं' म्हणत राहतेस. तर हे घे पत्र.

तुला जे खरं वाटत नाहीये ते खरं आहे. मी पेट्रोल पंप घेतलाय. इथे सगळे गॅस म्हणतात, पण तुला लगेच सिलिंडर आठवेल म्हणून पेट्रोलच लिहिते. शॉमबर्गच्या ऑफिसने आमची अख्खी टीम काढली ते तुला माहीत आहे. पुढे काय झालं ते माहीत नाही. उन्हाळ्यात मी आणि केदार नदीकडे फिरायला गेलो होतो. परतताना टाकीचा काटा तळाला लागला आणि आम्ही या गावात शिरलो. पंप होता, पण बंद. मालक म्हातारा होऊन मुलीकडे राहायला गेला आणि तेव्हापासून गावाला पेट्रोल नाही. शेजारच्या एका बाईंनी गवत कापायच्या मशीनसाठी ठेवलेल्या कॅनमधलं पेट्रोल आमच्या गाडीत ओतलं आणि पैसे घेतले नाहीत. केदार गाडीत बसून थँक्यू म्हणत होता आणि मी त्या बंद पंपाकडे बघत होते. तिथेच माझं ठरलं.

टाक्या जमिनीखाली आहेत त्या चांगल्या निघाल्या. पंपाची यंत्रं मात्र जुनाट होती, ती नवीन बसवतोय. त्यांचं वायरिंगही सगळं नव्याने करायचं आहे. डेल नावाचा इलेक्ट्रिशियन ते करतो. हा इथल्या शेतकऱ्यांचे गोठे आणि धान्याची कोठारं वायर करणारा माणूस, हात अगदी सफाईदार. पाइप वाकवतो तेव्हा बघत राहावंसं वाटतं. आणि माझं म्हणशील तर मी रोज सकाळी शॉमबर्गहून निघते, वाटेत कॉफी घेते, आणि पहिल्यांदाच कुठल्यातरी कामाला जाताना मला गाणं म्हणावंसं वाटतं. सुदैवाने गाडीत कोणी नसतं.

केदार बिझी आहे. तुझ्या जावयाचा नमस्कार.

तुझी,
उल्का


पार्सिपनी, न्यू जर्सी
२० ऑक्टोबर २०२४

चि. उल्कास अनेक आशीर्वाद,

तुझं पत्र आलं. रेणूने ते टेबलावर ठेवलं आणि दिवसभर त्याच्याभोवती घुटमळत राहिली. मी सांगितलं नाही काही. सुनेला थोडं कुतूहल असलेलं बरं.

आता खरं सांगते, मला पंपाचं काही पटलेलं नाही. तुझ्या आईने तुला कॉम्प्युटरला घातलं तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर काय होतं आणि तू कुठे जाऊन उभी राहिलीस. मला पंप म्हटलं की आपल्या नागपूरच्या चौकातला तो एक पंपच आठवतो. तेलकट जमीन, आरडाओरडा, आणि खांद्यावर फडकं टाकलेली माणसं. तू तिथे कशी दिसशील याचा विचार केला आणि दिसेना. मग वाटलं, दिसत नाही हा माझा दोष असेल. भूगोल शिकवणाऱ्या बाईला नकाशावर गाव तरी सापडायला हवं म्हणून कुमारच्या कॉम्प्युटरवर लिटल फोर्क शोधलं. चारी बाजूंना मका आहे. मध्ये एक रस्ता. त्यांना पंप हवा हे मात्र कळलं.

माझं बरं चाललंय. लायब्ररीत गुरुवारी बायका शिवणकामाला जमतात, तिथे मी जाते. त्या सगळ्या बाजारातून नवं कापड आणून त्याचे तुकडे करतात आणि परत जोडतात. मी जुन्या साड्यांची गोधडी शिवते हे बघून त्यांना नवल वाटलं. आता दोघीजणी धावदोरा शिकताहेत. हिरव्या इरकलीची एक अर्धी झाली आहे. कोणासाठी आहे असं त्या विचारतात. मी म्हणते, बघू.

जेवत जा. कॉफीवर राहू नकोस. दिवाळीचं थोडं पाठवते, चकल्या मोडल्या तर टपालवाल्यांना बोल.

तुझी,
मावशी


लिटल फोर्क
९ नोव्हेंबर २०२४

प्रिय मावशी,

चकल्या मोडल्या, पण त्यामुळे डब्यात जास्त मावल्या होत्या असं वाटलं. डेलला फार आवडल्या.

घाईत लिहितेय. रोजची ये-जा जमेना, म्हणून मी आता इथेच दुकानामागच्या खोलीत राहते. गुरुवारी राज्याच्या इन्स्पेक्टरबाई येऊन गेल्या. सीलवरून अडलंय, त्यामुळे थँक्सगिव्हिंगच्या आधी पंप सुरू होणार नाही. गावात बोर्ड लावला होता तो उतरवला. काळजीचं काही नाही. सगळं नीट होईल.

केदार बिझी आहे.

तुझी,
उल्का


पार्सिपनी
१४ नोव्हेंबर २०२४

चि. उल्का,

तुझं पत्र वाचून मला बसायला खुर्ची लागली.

काळजीचं काही नाही म्हणतेस. आपल्या चौकातल्या पंपाला सील ठोकलं होतं ते तू लहान होतीस तरी तुला आठवत असेल. हातपंपाला सुतळी, त्यावर लाखेचा ठिपका, आणि बाजूला पोलीस बसलेला. त्या माणसाने पेट्रोलमध्ये रॉकेल घातलं होतं. पुढे त्याच्या घरच्यांना भाजी आणायला दुसऱ्या पेठेत जावं लागायचं. तुझ्या पंपात तर अजून पेट्रोलच नाही, मग सील कशाबद्दल? कोणी तक्रार केली? तो डेल की कोण, त्याचे कागद नीट आहेत ना? तू कशातही काही मिसळणारी मुलगी नाहीस हे मी कोणाहीसमोर सांगेन, पण मला विचारणार कोण.

मी कुमारला सांगितलं. सांगायला नको होतं हे नंतर कळलं, पण तेव्हा माझा जीव थाऱ्यावर नव्हता. कुमारने मंडळातल्या एका वकिलांना फोन लावला. वकील घरजागेची कामं करतात, तरी त्यांनी बराच वेळ ऐकून घेतलं. ते म्हणाले, सरकारी सील कोणत्याही परिस्थितीत हाताने तोडू नये. तेवढं लक्षात ठेव. त्यांच्या बायकोने रेणूला फोन केला, आणि रविवारी मंदिरात मला तिघीचौघींनी तुझ्याबद्दल हळू आवाजात विचारलं.

केदारने काय केलं ते लिही. तो तिथे आहे ना तुझ्याबरोबर?

ताबडतोब उत्तर पाठव.

मावशी


लिटल फोर्क
१९ नोव्हेंबर २०२४

प्रिय मावशी,

तुझं पत्र मी पंपाच्या दुकानात रिकाम्या खोक्यावर बसून वाचलं आणि इतकी हसले की डेल आत बघून गेला. मग मंदिरातल्या तिघीचौघींपर्यंत आले आणि हसू थांबलं. त्यांना सांग, कोणी काही ठोकलेलं नाही. उलट, सील हवं तिथे नाहीये म्हणून अडलंय. आता सगळं सविस्तर लिहिते. तेव्हा लिहायला हवं होतं, पण माझं मन ठिकाणावर नव्हतं.

पंपाला वीज लागते. ती दुकानातल्या पॅनेलपासून तारांनी पंपापर्यंत जाते, आणि त्या तारा लोखंडी पाइपात घालून जमिनीखालून नेतात. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, खाली साचते, सरपटते, फट मिळेल तिथे शिरते. पंपाच्या बुडाशी ती त्या पाइपात शिरली, तर तारांच्या सोबतीने थेट दुकानात पोचेल. पॅनेलमध्ये बटण दाबताना बारीकशी ठिणगी उडते, ती नेहमीच उडते. म्हणून पाइपाच्या दोन्ही टोकांना एक जाड लोखंडी सांधा बसवतात, आणि त्याच्या आत तारांच्या भोवती पांढरी लापशी ओततात. ती दगडासारखी घट्ट होते. तार जाते, वाफ जात नाही. या सांध्याला सील म्हणतात. लाख नाही, सुतळी नाही, पोलीस नाही.

नियम असा की पाइप जमिनीतून वर आला की पहिली गोष्ट हे सील हवं. मध्ये दुसरा जोड चालत नाही, कारण त्या जोडातून वाफ बाहेर डोकावू शकते. डेलने दुकानाच्या भिंतीशी आधी साधा जोड दिला आणि सील त्याच्या वर बसवलं. कोठारांमध्ये त्याला याची गरजच पडलेली नाही.

आता जे मी तुला लिहिलं नाही ते. इन्स्पेक्टर मिसेस होल्म यांचं बघून झालं होतं. त्या सही करायला पेन काढत होत्या. मला तो जोड आधीच खटकला होता, कारण वायरिंगच्या नकाशात तो नव्हता. त्या भिंतीला पाठ लावून मी रोज बसणार आहे, मावशी. मी विचारलं, "हा जोड इथे चालतो का?" त्या गुडघ्यावर बसल्या, टॉर्च मारला, आणि पेन परत खिशात ठेवलं.

डेल लाल झाला आणि गाडी घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी आला तो कॉंक्रीट फोडायचं मशीन घेऊन. म्हणाला, बरोबर केलंस, पण पुढच्या वेळी आधी मला विचार. मी कबूल केलं. आज भिंतीजवळची नवी फरशी फोडून झाली. पण शुक्रवारपासून हरणांच्या शिकारीचा सीझन आहे, आणि त्या दिवसांत या गावात इलेक्ट्रिशियन, पोस्टमन, हेडमास्तर कोणीच भेटत नाही. तो परत येईपर्यंत थंडी पडेल. ती पांढरी लापशी थंडीत धरत नाही, तिला ऊब लागते. तेवढीच एक अडचण आहे.

केदारला मी हे फोनवर सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "ती सही करत होती आणि तू तिला थांबवलंस?" त्यानंतर तो फार काही बोललेला नाही. कामात आहे.

वकिलांना माझे आभार. सील मी तोडणार नाही असं सांग.

तुझी,
उल्का


पार्सिपनी
२५ नोव्हेंबर २०२४

चि. उल्का,

आता कळलं. कुमारला मी कागदावर आकृती काढून समजावलं. रेणूलाही समजावलं. रविवारी मंदिरात त्या तिघीचौघींना बोलावून समजावलं, आणि वाफ जमिनीवरून कशी सरपटते ते हाताने करून दाखवलं. त्यातली एक म्हणाली, तुम्ही अजून शिकवायला हव्या होतात. मला फार बरं वाटलं. गावभर झालेली बदनामी मी माझ्या हाताने पुसली, आता तू त्याबद्दल मनात काही ठेवू नकोस.

तू त्या बाईंना विचारलंस ते मला आवडलं. पंप घेतलास ते अजून पूर्ण पटलेलं नाही, पण हे आवडलं.

दुसरी गोष्ट. मी तुझी सगळी पत्रं परत एकदा ओळीने वाचली. त्यांत डेल आहे, त्याचा लाल झालेला चेहरा आहे, इन्स्पेक्टरबाईंचं पेनसुद्धा आहे. केदार मात्र नुसता बिझी आहे. उन्हाळ्यापासून तो तिथे एकदा तरी आलाय का, हे मी विचारत नाही. विचारलं असतं तर तू उत्तर दिलं नसतंस.

माझी हिरव्या इरकलीची गोधडी पूर्ण झाली. तुम्हाला पाठवली आहे. तिकडे थंडी फार, आणि तू उघड्यावर उभी असतेस.

लायब्ररीतल्या बायकांनी तिला एका प्रदर्शनात ठेवूया म्हटलं होतं. मी म्हटलं, गोधडी भिंतीवर टांगायची नसते.

तुझी,
मावशी


लिटल फोर्क
९ डिसेंबर २०२४

प्रिय मावशी,

तुझ्या गोधडीचं काय झालं ते आधी सांगते. रागावू नकोस.

थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी डेल आला. सोबत हरणाच्या मांसाचे सॉसेज, माझी माफी मागायला म्हणून. मी खात नाही हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा तो पुन्हा लाल झाला. ते आता दुकानाच्या फ्रीझरमध्ये आहेत, गावातले लोक येऊन घेऊन जातात.

थंडी अशी होती की श्वास दिसत होता. डेलने नवा पाइप बसवला, जमिनीतून वर येताच सील, मध्ये काही नाही. आम्ही भोवती निळी ताडपत्री बांधून तंबू केला आणि सांध्याला विजेवर तापणारी पट्टी गुंडाळली. पण वारा ताडपत्रीखालून शिरायचा आणि सगळी ऊब घेऊन जायचा. डेल थर्मामीटर बघून मान हलवत होता. म्हणाला, असं असेल तर वसंतापर्यंत थांबावं लागेल. वसंतापर्यंत थांबायची ताकद माझ्यात होती की नाही, मला माहीत नाही.

तेवढ्यात केदारची गाडी आली. तो उतरला तो मोठं खोकं घेऊन. तू पत्ता चुकून शॉमबर्गचा घातलास, आणि तोही त्याच्या नावाने. आत चिठ्ठी होती की हे उल्काच्या अंगावर स्वतः घाल, टपालाने पाठवू नकोस. म्हणून बिचाऱ्याला यावं लागलं.

तो तंबूशी उभा राहिला, ऑफिसच्या बुटांत. डेलने हा कोण वगैरे काही विचारलं नाही. "ते टोक धर," म्हणाला, आणि ताडपत्रीचा कोपरा त्याच्या हातात दिला. केदारने धरला. मी खोकं उघडलं, गोधडी पाहिली, आणि मला काय सुचलं तेच डेललाही सुचलं. आम्ही ती दुहेरी करून पाइपाभोवती, तापलेल्या पट्टीवरून, लपेटली. टाक्या अजून कोरड्या आहेत म्हणून हे चाललं. पेट्रोल आल्यावर तिथे असला खेळ करता येणार नाही. थोड्या वेळाने काटा वर चढायला लागला. डेलने लापशी कालवली आणि ओतली.

मग थांबायचं होतं. डेल जेवायला गेला. आम्ही दोघं ताडपत्रीच्या दोन कोपऱ्यांना.

केदार म्हणाला, "मला वाटलं होतं, तू हे मला सोडून करते आहेस."

"मी तुला विचारलं होतं ना."

"विचारलं नव्हतंस. सांगितलं होतंस."

मावशी, मी आठवून बघितलं. त्या दिवशी गाडीत मी खरंच सांगितलं होतं. मी म्हटलं, मग आता विचारते. तो म्हणाला, आता माझे हात गोठलेत, आता काय विचारतेस. पण हसला. आणि मग म्हणाला की नोकरी त्याचीही जाईल अशी भीती त्याला सारखी वाटते, आणि मी इथे गाणी म्हणत येते हे बघून त्याला माझा रागही यायचा आणि हेवाही वाटायचा. मी गाणी म्हणते हे त्याला कसं कळलं, विचारलं नाही.

तो शनिवारी परत गेला नाही. रविवारी सकाळी तो दुकानात हिंडत होता. टाकीत पेट्रोल किती आहे ते सांगणारी एक बारीक तार असते, तिचं बंडल कोपऱ्यात पडलं होतं. डेल ती पंपाच्या विजेच्या तारांच्याच पाइपातून ओढणार होता, जागा आहे म्हणून. केदारचा जन्म नेटवर्कच्या केबल्समध्ये गेलाय. त्याने पुस्तिका मागितली, वाचली, यंत्राच्या कंपनीला फोन लावला. ती तार थेट टाकीत उतरते, म्हणून तिच्यात मुद्दाम इतकी कमी वीज ठेवतात की ठिणगी पडूच शकत नाही. मोठ्या तारेची वीज तिच्यात झिरपली तर सगळंच मुसळ केरात. तिला वेगळा पाइप हवा. डेल पुस्तिकेकडे आणि मग केदारकडे बघत म्हणाला, "तुम्ही दोघं घरी पण असेच असता का?"

लापशी दगडासारखी धरली. गोधडीच्या एका कोपऱ्याला पांढरा डाग पडलाय आणि तो निघत नाही.

तुझी,
उल्का


पार्सिपनी
१५ डिसेंबर २०२४

चि. उल्का,

डाग राहू दे.

पत्ता मी चुकून घातला असं तुला वाटतंय, केदारलाही वाटतंय. मी बत्तीस वर्षं भूगोल शिकवला. लिटल फोर्क कुठे आहे आणि शॉमबर्ग कुठे आहे, हे मला कळतं. एवढंच लिहिते.

त्याला मात्र हे सांगू नकोस. त्याने वाटेत गाडी चालवताना जो काही विचार केला असेल, तो त्याचाच राहू दे.

गोधडी पाइपाला गुंडाळलीत हे मी लायब्ररीत सांगितलं. एक जर्मन आजीबाई टाळ्या वाजवायला लागल्या.

मावशी


लिटल फोर्क
१२ जानेवारी २०२५

प्रिय मावशी,

पंप सुरू झाला.

मिसेस होल्म परवा आल्या. या वेळी त्यांनी स्वतःच गुडघ्याखाली घ्यायला उशी आणली होती. प्रत्येक सील पाहिलं, प्रत्येक जोडावर बोट फिरवलं. बाहेर भिंतीवर एक मोठं लाल बटण आहे. काही अघटित झालं तर ते दाबायचं. ते पंपापासून फार जवळ नको, कारण तिथेच आग असली तर कोण जाणार, आणि फार लांबही नको. मिसेस होल्मनी विचारलं, कोण दाबणार? डेल माझ्याकडे बघत होता. मी केदारकडे पाहिलं. केदार म्हणाला, "तुझा पंप आहे." मी म्हटलं, आपला, आणि मग आम्ही दोघंही तिथे नुसते उभे राहिलो. शेवटी मिसेस होल्मनीच पुढे होऊन दाबलं.

सगळं एकदम गेलं. पंपांवरचे आकडे, छपराचे दिवे, ती बारीक घरघर, जी आहे हे मला बंद झाल्यावरच कळलं. त्यांनी मीटर लावून पाहिलं. इथे नुसती फेज तोडून भागत नाही, न्यूट्रलही त्याच क्षणी तुटावी लागते. दोन्ही तुटल्या होत्या. त्या थोडा वेळ त्या शांततेत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हे मला ऐकायचं होतं." मग पेन काढलं. मी या वेळी काही विचारलं नाही. विचारण्यासारखं काही नव्हतं.

काल टँकर आला आणि आज सकाळी पंप उघडला. बर्फ पडणार असं रेडिओवर सांगत होते, म्हणून लोक गाड्या तर आणत होतेच, पण बर्फ उडवायच्या मशीनसाठी लाल कॅनही आणत होते. आम्ही भाषण वगैरे ठरवलं होतं. कोणाला वेळ नव्हता. पहिली आली ती शाळेची बस, रविवार असून. ड्रायव्हर म्हणाली की दोन वर्षं ती बस भरायला शेजारच्या गावाला जातेय, तिला एकदा इथे भरून बघायची होती. केदार पंपाशी उभा राहून सगळ्यांना कॅन जमिनीवर ठेवूनच भरा, गाडीच्या मागे ठेवून नको, असं सांगत होता. इतक्या आवाजात मी त्याला ऑफिसच्या कॉलवरही कधी ऐकलेलं नाही. दुपारी त्याचा घसा बसला.

नोकरी तो सोडणार नाही. शनिवार-रविवार येणार. मी त्याला विचारलं, म्हणजे नीट विचारलं, आणि त्याने नीट विचार करून हो म्हटलं.

तू कधी येतेस?

तुझी,
उल्का


पार्सिपनी
२० जानेवारी २०२५

चि. उल्का आणि चि. केदार,

पत्र दोघांना लिहितेय, कारण आता ते एकत्र वाचलं जाईल अशी माझी खात्री आहे.

पंप मला पटला. उशिरा पटला, पण पटला.

काल कुमार पेट्रोल भरायला थांबला तेव्हा मी गाडीतून उतरले. तो काच खाली करून ओरडला, आई, कुठे चाललीस. मी पंपाच्या बुडाशी वाकून पाहिलं, पण ते झाकण लावलेलं होतं. मग तिथल्या सरदारजींना हिंदीत विचारलं की तुमचं लाल बटण कुठे आहे. ते गोंधळले, मग हसले, आणि मला भिंतीपर्यंत नेऊन दाखवलं. बटण होतं, पण समोर कोणीतरी बर्फावर टाकायच्या मिठाच्या गोण्या रचल्या होत्या. मी म्हटलं, अघटित झालं तर तुम्ही आधी गोण्या हलवणार का? त्यांनी लगेच हलवल्या. दोन गोण्या मी ओढायला लागले तर म्हणाले, माताजी, तुम्ही राहू द्या. कुमार अजून या विषयावर बोलत नाही. रेणू मात्र ती गोष्ट फोनवर सगळ्यांना सांगत सुटली आहे.

सरदारजी मग आमच्या गाडीत पेट्रोल भरायला लागले आणि मी बाजूला उभी राहून पाहत होते. नळी त्यांच्या हातात. या राज्यात कोणालाच स्वतः भरू देत नाहीत, कायदाच आहे तसा. इतकी वर्षं मी इथे आहे, मागच्या सीटवर बसते, काच खाली होते, काच वर होते, गाडी निघते. नागपूरलाही दुसरंच कोणी भरायचं. मी त्यांना म्हटलं, जरा मला धरू द्या. ते म्हणाले, माताजी, माझी नोकरी जाईल.

तेव्हा मी असं ठरवलं आहे. मार्चमध्ये येते, कुमारने तिकीट काढलंय. परतीचं काढू नकोस असं मी त्याला सांगितलं, आणि त्याने आश्चर्य म्हणजे वाद घातला नाही. विमानतळावर दोघं या. येताना गाडीत पेट्रोल जेमतेम लिटल फोर्कपर्यंत पुरेल एवढंच ठेवा. तिथे पोचल्यावर तुम्ही गाडीतच बसायचं, काच खाली करायची असेल तर करा.

मी भरीन.

मावशी